उकंडाजींचा गाल

उकंडाजींच्या हातात काहीही द्या, ते आधी गालाला लावतील. लग्नाची पत्रिका द्या, वर्तमानपत्र द्या, रेशनच्या तांदळाची मूठ द्या. उजव्या गालावर, दाढीचे खुंट संपतात आणि कानाची हद्द सुरू होते, तिथल्या मोकळ्या जागेवर ती वस्तू टेकवायची, डोळे मिटायचे, दोन श्वास थांबायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच प्रकारचे. "कोरडं हाये." नाहीतर "वल हाये." वल म्हणजे ओल. आदिलाबादजवळच्या आमच्या बेला गावात 'ओ' म्हणायला तोंड फार उघडावं लागतं, म्हणून आम्ही 'व'वर भागवतो.

माझ्या भाचीच्या मुलाच्या बारशाला कुणीतरी कौतुकानं बाळ त्यांच्या हातात दिलं. सवयीनं त्यांनी ते गालाला लावलं, डोळे मिटले आणि भर मांडवात जाहीर केलं, "वल हाये." बायका खो खो हसल्या. मग आईनं लंगोट चाचपून पाहिला आणि गुपचूप बाळाला आत घेऊन गेली.

हा गाल असातसा नव्हता. आदिलाबादला एका जिनिंगमध्ये उकंडाजींनी या गालाच्या जिवावर आयुष्यभर नोकरी केली. कापसाची गाडी आली की हे वर चढायचे, खांद्यापर्यंत हात कापसात खुपसायचे, आतून मूठभर काढून गालाला लावायचे आणि ओरडायचे, "बारा!" किंवा "चौदा!" म्हणजे ओलावा इतके टक्के. शेतकरी चिडायचे, शिव्या द्यायचे, पण गालावर अपील नव्हतं. पुढे नागपूरहून ओलावा मोजायचं यंत्र आलं. पहिल्याच दिवशी एका गाडीला यंत्र म्हणालं दहा, उकंडाजी म्हणाले तेरा. मालकानं यंत्राचं ऐकलं. तो कापूस गोदामात तापला आणि हळदीसारखा पिवळा पडला. एवढं होऊनही यंत्र राहिलं आणि उकंडाजींना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. तो सत्कार पाहायला मी गेलो होतो. शाल अंगावर पडताच त्यांनी तिचं टोक गालाला लावलं आणि मालकाला म्हणाले, "दुकानात खाली ठेवली होती वाट्टे. दमट हाये."

घरी बसल्यावर कापूस संपला, पण गाल सुरूच राहिला. मग त्यांनी माणसं मोजायला सुरुवात केली. पटवारी कोरडा. डॉक्टर बरा, पण पावसाळ्यात दमट. निवडणुकीला आलेल्या एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून ते उठता उठता म्हणाले, "अठरा टक्के. गोदामात ठेवलं तं पेट घेईन."

त्यांचं घर माझ्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, ते घराच्याच पुढच्या खोलीत. त्यामुळे उकंडाजी मला दिवसभर उपलब्ध. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली. मुलगा हैदराबादला, त्याला रजा मिळत नाही. उकंडाजी एकटे राहतात, एकटे रांधतात. रांधतात म्हणजे सकाळी वांग्याची भाजी करतात आणि संध्याकाळी तीच पुन्हा तापवतात.

माझ्या बायकोचं, सुमनचं, आणि त्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण पापड. सुमननं उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून पापड उतरवले आणि ओसरीवर निवायला ठेवले. उकंडाजींनी भिंतीवरून हात लांबवून एक उचलला, गालाला लावला. "सूनबाई, वल हाये. बुरशी येईन."

"मामाजी," सुमन म्हणाली, "हे पापड माह्ये हायेत. जिनिंगचे नाई."

श्रावणात डबा उघडला तर पापडांना बुरशी. उकंडाजी चुकले असते तर सुमननं त्यांना केव्हाच माफ केलं असतं. ते बरोबर निघाले, म्हणून अबोला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नाल्याला पूर आला.

आमच्या गावात सरकारी ग्रंथालय आहे. पाटी तेलुगूत, पुस्तकं निम्मी मराठी, वाचणारे मोजके, आणि पंखे गावात सगळ्यात चांगले. रस्ता दर काही वर्षांनी वरवर उचलला गेला आणि ग्रंथालय आपोआप खाली खाली गेलं. हल्ली आत जाताना पायऱ्या उतराव्या लागायच्या. मागचा नाला उतू आला तेव्हा पाण्याला कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. दीड दिवस पाणी आत होतं. ओसरलं तेव्हा गुडघाभर काळा चिखल, टेबलाच्या खणात एक खेकडा आणि अध्यात्माच्या कपाटात एक पाणसाप निघाला. पाणी छातीपर्यंत चढलं होतं. वरचा खण तेवढा वाचला. वरच्या खणात काय होतं? सरकारी योजनांचे जाड जाड अहवाल. आजवर कुणी हात लावला नव्हता, आता पाण्यानंही लावला नाही. हाताशी असलेली, लोकांनी वाचून वाचून कोपरे मऊ केलेली सगळी पुस्तकं बुडाली.

ग्रंथपाल सुजाता मॅडम. मंचेरियलच्या. वडील कोळशाच्या खाणीत होते, त्यामुळे काळ्या चिखलाला बाई बिचकल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी बदली होऊन आल्या. गावात एक खोली घेऊन राहायच्या आणि महिन्यातून एकदा घरी जायच्या. मराठी त्यांना दोनच वाक्यं यायची, "काय पाहिजे?" आणि "गप्प बसा." बाकी सगळं हिंदीत. पुराचं कळवल्यावर वरच्या ऑफिसातून त्यांना फोन आला: सगळी पुस्तकं बाद दाखवा, रद्दीत काढा, आणि शाखा तात्पुरती शहराच्या ग्रंथालयाला जोडून टाकू. 'तात्पुरती' या शब्दाचा सरकारी अर्थ आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो. मॅडम फोनवर बराच वेळ तेलुगूत भांडल्या. शेवटी असं ठरलं की महिन्यानं एका सोमवारी साहेब पाहायला येतील. तोवर हॉल वापरण्याजोगा झाला आणि निम्मी पुस्तकं कपाटात लागली, तर शाखा राहील.

मग मॅडम मदत मागायला दारोदार फिरल्या. माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी रद्दी देऊ केली. सुमन आतून बाहेर आली आणि म्हणाली, "रद्दी काय देता? चला ना." सुमन महिन्याला चार कादंबऱ्या वाचते. तिच्या महिला संघातल्या चार-पाच बायाही आल्या. उकंडाजींना कुणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले. चपला काखेत मारून, चिखलातून पाय उचलत हॉलच्या मधोमध पोचले. फुगून उशीएवढं झालेलं एक पुस्तक उचललं. गालाला लावलं. डोळे मिटले. गालावरून चिखलाचा ओघळ मानेत उतरला.

"वल हाये," ते म्हणाले.

मॅडम दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "ये तो अंधे को भी दिख रहा है, पेद्दायना." पेद्दायना म्हणजे तेलुगूत थोरले, वडीलधारे. उकंडाजींना तो मान आवडला. ते राहिले.

राहिले आणि पाच मिनिटांत त्यांनी तेच पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट मिटून पाण्याच्या बादलीत बुडवलं.

"अय्यो!" मॅडम किंचाळल्या. "अभी तो पानी से निकाला!"

"मॅडम, ते नाल्याचं पानी होतं. हे नळाचं हाये." उकंडाजी पुस्तक बाळाच्या डोक्यासारखं धरून हळूहळू हलवत होते. "चिखल आतमंदी वाळला तं पानं शिमेंट होऊन जाते. पयले आंघोळ, मंग टॉवेल."

मी भाषांतर केलं. मॅडमनी बादलीत पाहिलं. चिखल खरंच धुऊन निघत होता. त्यांनी दुसरी बादली पुढे सरकवली.

मी तोवर तीसेक पुस्तकं बाहेर उन्हात पसरली होती आणि स्वतःवर खूश होतो. उकंडाजी बाहेर आले. "दिगांबर, ह्या मिरच्या हायेत का रे?"

"उन्हात लवकर वाळतीन ना."

"वाळतीन. अन पापडासारखे वाकतीन." पापड म्हटल्यावर दारात उभी असलेली सुमन खाकरली. उकंडाजींनी घाईनं विषय बदलला. "सावली पायजे अन वारा पायजे. उचल, उचल."

त्या दिवसापासून तो हॉल त्यांच्या ताब्यात गेला. ओळखीच्या जिनिंगमधून त्यांनी रिकामी पोती आणवली. त्या पोत्यांवर पुस्तकं तंबूसारखी अर्धवट उघडून उभी करायची, पानांमध्ये माझ्या दुकानातली रद्दी घालायची, रद्दी भिजली की बदलायची. पंखे पूर्ण वेगात. उकंडाजी हात पाठीमागे बांधून त्या तंबूंच्या रांगांमधून फिरायचे, मधेच वाकायचे, एक तंबू उचलून गालाला लावायचे. वर त्यांचे सिद्धांत चालू असायचे. उकंडाजी सही करतात, देवळावरची पाटी वाचतात, त्यापलीकडे अक्षरांच्या भानगडीत पडत नाहीत. पण आठवड्याभरात ते साहित्यावर बोलायला लागले.

"कादंबरी लय पानी पिते. दारुड्यावानी. कायद्याचं पुस्तक पीतच नाई. अन हे बारकं," कवितांचा संग्रह दाखवत, "हे सगळ्यात पयले वाळते. याच्यात अर्धा कागद रिकामाच अस्ते."

एकदा मॅडमनी कुरकुर केली की मराठी पुस्तकं वाळली, तेलुगू मागे का? तुम्ही मराठीवाले आपल्याच पुस्तकांना वारा घालता. उकंडाजींनी दोन्ही भाषांची पानं शेजारी शेजारी धरली. "पाहा मॅडम. तेलगू अक्षर गोल हाये, वाटीसारखं. पानी आत साचते. मराठीले वरून रेघ हाये. छप्पर. पानी घसरून जाते."

मी हे मॅडमना हिंदीत सांगितलं. कागदाचा प्रकार वेगळा असेल असं त्यांना म्हणायचं होतं, पण इतक्या आत्मविश्वासापुढे त्यांना शब्द सुचेना. शेवटी त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य वापरलं. "गप्प बसा."

आठव्या-नवव्या दिवशी मॅडमना घाई झाली. वीस-पंचवीस पुस्तकं हाताला कोरडी लागत होती. उकंडाजी म्हणाले, "वल हाये." मॅडम म्हणाल्या नाही, आणि कपाटात लावून टाकली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर पानांवर फोडणीतल्या मोहरीसारखे काळे ठिपके. मॅडम खाली बसल्या. ती सगळी पुस्तकं उकंडाजींनी उचलून आणली आणि जुन्या मुलायम धोतरानं एकेक पान पुसत बसले.

त्यानंतर मॅडमनी नियमच केला. पेद्दायना "झालं" म्हणतील तेच पुस्तक कपाटात जाईल. यंत्रानं हिसकावलेली खुर्ची उकंडाजींना ग्रंथालयात परत मिळाली, आणि ती त्यांच्या डोक्यात गेली. टंगळमंगळ करणाऱ्या बायांना ते म्हणायचे, "बाई, हात चालवा, तोंड वाळून राह्यलं तुमचं." मला तर ते शिपायासारखं पिटाळायचे.

सुमन अजून त्यांच्याशी बोलत नव्हती. दोघं माझ्यामार्फत बोलायची. "त्यांले सांगा, रद्दी संपली." "तिले सांग, पोत्याखाली हाये." सहा फुटांवर उभी असायची दोघं.

जेवायला सुरुवातीला आम्ही आपापल्या घरी जायचो. मग तेवढाही वेळ मिळेना, म्हणून डबे आले. दुपारी एक वाजला की व्हरांड्यात पोती अंथरून सगळे गोल बसायचे. ज्वारीची भाकर, ठेचा, मॅडमचा भात आणि पप्पू, म्हणजे त्यांचं ते घट्ट वरण, आणि तोंडाला आग लावणारं आंब्याचं लोणचं. उकंडाजींची वांगी. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात पाठ करून जेवत होते. मॅडमनी हात लांबवून त्यांच्या डब्यातली वांगी सरळ आपल्या भातावर घेतली आणि बोटं चाटत म्हणाल्या, "इसमें क्या डाला?" दुसऱ्या दिवशी उकंडाजींच्या हातात दोन डबे होते. चौथ्या दिवसापासून ते रोज दाढी करून येऊ लागले. मला वाटलं, गालाचं माप बिघडू नये म्हणून असेल.

अशाच एका दुपारी सुमनची भाकर फिरत फिरत त्यांच्या हातात आली. आणि सवयीनं हात वर गेला. भाकर गालाला टेकली. डोळे मिटले. मॅडमचा घास तोंडाशी थांबला. मी मनातल्या मनात ग्रंथालयाला, संसाराला, सगळ्यालाच रामराम ठोकला.

उकंडाजींनी डोळे उघडले. समोर कोण बसलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"चांगली हाये," ते म्हणाले.

"ठेचा घ्या, मामाजी," सुमन म्हणाली. दोन वर्षांनी.

दिवस गेले. साहेब येणार तो सोमवार चार दिवसांवर आला. आणि कपाटं रिकामीच. उकंडाजींनी "झालं" म्हटलेली पुस्तकं दोन कपाटांनाही पुरत नव्हती. बाकी सगळे तंबू जमिनीवर. मॅडम सकाळी विचारायच्या, "पेद्दायना, आज?" उकंडाजी तंबू उचलायचे, गालाला लावायचे, नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून ठेवायचे. "वल हाये." मॅडमचा चेहरा पडायचा. पण ते काळे ठिपके आठवून त्या वाद घालायच्या नाहीत. त्यांनी मला हळूच विचारलं, की शाखा गेली तर आपली बदली कुठे होईल कुणास ठाऊक, पुढल्या महिन्यात खोलीचं सामान बांधून ठेवू का?

मला शंका यायला लागली. मी एक कादंबरी स्वतःच्या गालाला लावली. मला तर फक्त खरखरीत लागली. माझा गाल काय, झेरॉक्सवाल्याचा.

घरी गेल्यावर सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "एक पुस्तक आना इकडे." तिनं एक पापड भाजला, त्या कादंबरीच्या मधोमध ठेवला, पुस्तक मिटलं आणि वर पाटा ठेवला. मी म्हणालो, हे काय? म्हणाली, "पापडाले वल लपवता येत नाई. मले विचारा."

सकाळी पुस्तक उघडलं. पापडाचे वजनानं तुकडे झाले होते. सुमननं एक तोंडात टाकला. कुर्रर्र, असा आवाज आला की भिंतीपलीकडेही गेला असेल.

मी ते पुस्तक काखेत घेऊन ग्रंथालयात गेलो, रागातच. म्हातारा खुर्चीसाठी सगळ्यांना नाचवतोय, बाईची शाखा जाईल तरी त्याला काही नाही, असं खूप काही बोलायचं ठरवलं होतं. बाया अजून यायच्या होत्या. मॅडम नळावर बादल्या भरत होत्या. उकंडाजी एकटेच तंबूंच्या मधे उकिडवे बसले होते.

"उकंडाजी, पापड ठेवून पाह्यला याच्यात. कुरकुरीत निघाला."

त्यांनी वर पाहिलं. मग पुस्तकाकडे. हातात घेतलं नाही.

"मालूम हाये," ते म्हणाले.

"कवापासून?"

"आठ दिस झाले."

"अन मंग काऊन वल हाये, वल हाये करून राह्यले तुमी? सोमवारी सायेब येऊन राह्यला!"

ते पोत्याच्या सुतळीचा एक धागा ओढत राहिले. बराच लांब निघाला तो धागा.

"कोरडे झाले म्हन्लं का," ते म्हणाले, "परवापासून तुमी समदे आपापल्या घरी जेवसान."

मी घेऊन आलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय मी. बाहेर बादली भरून वाहायला लागली होती आणि मॅडम नळ बंद करायला धावल्याचा आवाज आला. त्या आत आल्या तेव्हा उकंडाजी उठून उभे होते. त्यांनी जवळचा तंबू उचलला, गालाला न लावताच मिटला आणि मॅडमच्या हातात दिला.

"झालं."

"ये?"

"समदेच झाले, मॅडम. लावा."

मॅडमनी आनंदानं तेलुगूत काहीतरी ओरडून रस्त्यानं येणाऱ्या बायांना हाका मारल्या. शुक्रवार, शनिवार, रविवार आम्ही कपाटं लावत होतो. मॅडमना मी काही सांगितलं नाही. सुमनला सांगितलं. तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "सांगू नका कोनाले."

सोमवारी साहेब आले. रिमझिम होती. जीपमधून उतरून त्यांनी नाकाला रुमाल लावला, हॉलभर फिरले, पुस्तकं पाहिली. पुस्तकं पूर्वीसारखी राहिली नव्हती, काहींची पोटं सुटली होती, काहींना डाग होते, पण उघडत होती आणि वाचता येत होती. साहेबांना मात्र कागद हवा होता. ही सगळी नीट सुकली आहेत, पुन्हा बुरशी येणार नाही, हे कुणी तपासलं? प्रमाणपत्र कुठे आहे?

मॅडमनी उकंडाजींकडे बोट दाखवलं.

साहेबांनी त्यांना धोतरापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "आपका क्वालिफिकेशन?"

उकंडाजींना प्रश्न कळला असेल किंवा नसेल. ते पुढे झाले, साहेबांच्या काखेतली फाइल अलगद काढून घेतली आणि गालाला लावली. डोळे मिटले. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"वल हाये," उकंडाजी म्हणाले. "चौदा. आतून."

साहेबांनी फाइल हिसकावली, उघडली. जीपच्या खिडकीतून पाणी येऊन आतले कागद एकमेकांना चिकटले होते, आणि सगळ्यात वर त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज होता, शाई पसरलेला. मग साहेबच विचारू लागले, हे आता कसं सुकवायचं? उकंडाजींनी त्यांना पोत्यावर बसवलं आणि रद्दीचा कागद कसा घालायचा ते दाखवलं. शाखा राहिली.

मंगळवारी ग्रंथालय उघडलं. पंखे नेहमीच्या वेगावर आले. वर्तमानपत्रं वाचणारे चार जण येऊन बसले. बाया आपल्या घरी, मी दुकानात. उकंडाजी आले नाहीत. बुधवारीही नाहीत. मी भिंतीवरून डोकावलो तर ओसरीवर बाजेवर बसलेले. दाढी वाढलेली. "काम काय हाये तिथं आता?" म्हणाले. मी जेवायला चला म्हणालो, तर म्हणाले, "भाजी केली ना मी." मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला कसा करायचा ते सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी एक वाजता मी दुकानाच्या दारात उभा होतो. मॅडम ग्रंथालयाला कुलूप लावून निघालेल्या दिसल्या. खोली त्यांची त्या बाजूला, पण त्या इकडे आल्या. हातात पिशवीत डबा. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ उकंडाजींच्या ओसरीवर चढल्या, चपला काढल्या आणि बाजेवर बसल्या.

उकंडाजी गडबडून उठले. "मॅडम? काय झालं? भिंतीले पानी लागलं का?"

"कुछ नहीं हुआ," मॅडम डबा उघडत म्हणाल्या. "उधर अकेले बैठती हूँ तो खाना गले से नहीं उतरता, पेद्दायना. चार साल से अकेले ही खाती थी, तब पता नहीं चलता था."

उकंडाजींची नजर माझ्यावर पडली. "दिगांबर, काऊन उभा हायेस तिथं? ये ना. सूनबाईचा ठेचा घेऊन ये."

मी ठेचा आणि भाकरी घेऊन भिंत ओलांडून गेलो तेव्हा ते ओसरीवर नव्हते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. डोकावून पाहिलं, तर स्टुलावर चढून ते माळ्यावरचं एक गाठोडं उतरवत होते. मी धरू लागलो तर नको म्हणाले. गाठोडं जुन्या लुगड्यात बांधलं होतं. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली. आत पितळेची ताटं होती, हिरवी काळी पडलेली. पाच वर्षांत बाहेर निघाली नसावीत.

मॅडम म्हणाल्या, डब्यातच खाऊ, कशाला एवढं. उकंडाजींनी ऐकलं नाही. ताटं परसातल्या नळाखाली नेली, चिंच आणि राख घेतली आणि घासायला बसले. सहा ताटं होती. आम्ही तिघंच होतो. मी ते सांगितलं नाही. सहाही ताटं घासून, पुसून, पिवळीधमक होऊन येईपर्यंत मॅडम आणि मी डबे उघडे ठेवून बसून राहिलो.